जागा भाड्याची, नाव आपले

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, त्याला आता तीन दशके उलटली. या काळात स्वतःची वेबसाइट काढण्याचा खर्च उतरत गेला आणि सोय वाढत गेली. ‘होस्टिंग कुणाकडे घ्यावे?’ हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या त्या काळात लोकांनी डोळे झाकून ज्यांची नावे सुचवली, त्यांतल्या कितीतरी कंपन्या पुढे विकल्या गेल्या किंवा बंद पडल्या, आणि काहींनी दर असे वाढवले की ग्राहकच उठून गेले. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधताना आजच्या जाहिराती बाजूला ठेवून मागे काय काय घडले ते पाहिलेले बरे.

सुरुवातीचा काळ फुकट जागेचा होता. जिओसिटीज ही त्यातली सर्वांत गाजलेली. तिथे आवडीच्या विषयानुसार वस्त्या असत. संगणकाची आवड असलेला सिलिकॉन व्हॅलीत राही आणि सिनेमावाला हॉलिवुडात. पत्ता म्हणजे कंपनीचे नाव, वस्तीचे नाव आणि पुढे एक आकडा. याहूने १९९९ मध्ये ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. इंटरनेट अर्काइव्ह आणि काही हौशी संग्राहकांनी धावपळ करून बरीच पाने वाचवली, पण पाने वाचली तरी पत्ते गेले. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता, त्यांच्याकडे वाचकाला ‘मी आता इथे राहतो’ असे सांगायची सोयच उरली नाही. पत्ता दुसऱ्याच्या नावाचा असेल तर घर बदलता येत नाही, हा पहिला धडा तिथे मिळाला.

पुढचा टप्पा शेअर्ड होस्टिंगचा. अपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल ही तिन्ही फुकटची साधने १९९५ च्या आसपास आली, होस्टिंगचे खाते सांभाळण्याचे सीपॅनेल १९९६ मध्ये आणि वेबसाइट बनवण्याचे वर्डप्रेस २००३ मध्ये. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट बसवून महिन्याच्या थोडक्या भाड्यात जागा देणे त्यामुळे परवडू लागले. भारतात २००५ मध्ये ‘डॉट इन’ची नोंदणी सर्वांना मोकळी झाली आणि स्वतःच्या नावाचे डोमेन आवाक्यात आले. याच काळात ‘अनलिमिटेड’ नावाचा प्रकार रुळला. जागा अमर्याद म्हणायची, पण करारातल्या बारीक अक्षरात फाइलींच्या संख्येवर आणि प्रोसेसरच्या वापरावर मर्यादा घालायची. पहिल्या वर्षाचा दर नाममात्र ठेवायचा आणि खरा दर रिन्यूअलच्या बिलात दाखवायचा. ही रीत आजही चालू आहे. त्यामुळे दर तपासायचा तो दुसऱ्या वर्षाचा.

‘९९.९ टक्के अपटाइम’ ही हमीही तेव्हापासूनची. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास वेबसाइट बंद राहिली तरी ही हमी मोडत नाही. मोडलीच, तर भरपाई म्हणून बहुधा भाड्यातला थोडा हिस्सा पुढच्या बिलात वळता होतो. वैयक्तिक वेबसाइटसाठी पावणेनऊ तास काही फार नाहीत. कविता किंवा प्रवासवर्णने वाचायला येणारा माणूस संध्याकाळी परत येतो. महत्त्वाचे हे, की बंद पडल्यावर तक्रारीच्या तिकिटाला माणूस उत्तर देतो की नाही.

२०१० नंतर बाजाराचा चेहरा बदलला. एन्ड्युरन्स या अमेरिकी समूहाने एकामागून एक होस्टिंग कंपन्या घेतल्या आणि त्यांची जुनी नावे तशीच ठेवली. ब्लूहोस्ट की होस्टगेटर, अशी तुलना करणाऱ्या ग्राहकाला दोघांचा मालक एकच आहे याचा पत्ता नसे. ऑगस्ट २०१३ मध्ये युटा राज्यातल्या प्रोव्हो येथील डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला, तेव्हा दोन्हींच्या ग्राहकांच्या वेबसाइट एकदमच बसल्या. मुंबईच्या डायरेक्टी समूहाचा बिगरॉक, रिसेलरक्लब वगैरे व्यवसायही २०१४ मध्ये याच समूहाकडे गेला. २०२१ मध्ये हा समूह एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतला आणि त्यातून न्यूफोल्ड डिजिटल उभी राहिली. सीपॅनेलनेही मालकी बदलल्यानंतर २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर आकारणी सुरू केली आणि अनेक छोट्या होस्टिंगवाल्यांचे गणित कोलमडले. या काळातली ‘सर्वोत्तम दहा होस्टिंग’ छापाची शिफारस वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शिफारस करणाऱ्याला बहुतेक वेळा प्रत्येक ग्राहकामागे कमिशन मिळते.

आपल्याकडचा सर्वांत मोठा धक्का नेट फोर इंडियाचा. भारतातल्या जुन्या डोमेन आणि होस्टिंग कंपन्यांपैकी ही एक. २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पुढे ग्राहकांच्या तक्रारींचा ढीग लागला. कुणाचे रिन्यूअल होईना, कुणाला डोमेन दुसरीकडे नेण्याचा कोड मिळेना, आणि सपोर्टला कुणी दाद देईना. अखेर डोमेनचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या जागतिक संस्थेने २०२१ मध्ये तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची डोमेन पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे सोपवली. ही कंपनी मूळची त्याच डायरेक्टी परिवारातली. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही एकाच ठिकाणी असलेल्यांची यात सर्वाधिक कोंडी झाली. वेबसाइटची प्रत हाताशी असूनही पत्ता अडकून पडला, तर ती प्रत दुसरीकडे लावून उपयोग नसतो.

त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण गेली, दुसरीचा काही भाग जळाला आणि लाखो वेबसाइट बंद पडल्या. ओव्हीएच ही युरोपातली नावाजलेली कंपनी; तिथे जागा घेणाऱ्यांची निवड चुकली असे म्हणता येत नाही. पण ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचे मूळ आणि प्रत एकाच रात्री गेले. त्याआधी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका कंपनीत साफसफाईसाठी चालवलेल्या प्रोग्रॅमने ग्राहकांचे सर्व्हरच पुसून टाकले होते. होस्टिंगवाला घेतो तो बॅकअप त्याच्या सोयीचा असतो. आपला म्हणावा असा बॅकअप एकच, आपल्या हार्ड डिस्कवरचा.

मराठी वेबसाइटवाल्यांच्या वाट्याला याखेरीज एक वेगळा त्रास आला. जुन्या वेबसाइटवर प्रत्येकाचा फाँट निराळा; तो उतरवून घेतला नाही तर मजकुराच्या जागी अगम्य चिन्हे दिसत. युनिकोडने तो प्रश्न सोडवला, पण दुसरा मागे राहिला. मायएसक्यूएलमध्ये अनेक वर्षे मूळ सेटिंग लॅटिन लिपीचे होते. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून ते बदलले. तोवर एका सर्व्हरवरून दुसरीकडे डेटाबेस हलवताना निष्काळजीपणा झाला, तर अख्खे लेख प्रश्नचिन्हांत रूपांतरित होत. इंग्रजी वेबसाइटवाल्याला हे कळतही नसे. म्हणून देवनागरी मजकूर असलेल्याने होस्टिंग पक्के करण्याआधी दोन लेख चढवून, बॅकअप उतरवून, तो पुन्हा चढवून पाहावा. ‘ज्ञ’ आणि ‘ऱ्या’ शाबूत आले तर पुढे जावे.

गेल्या दहा वर्षांत काही गोष्टी खरोखर सुधारल्या. लेट्स एन्क्रिप्टमुळे सुरक्षा प्रमाणपत्र फुकट मिळू लागले. त्यासाठी आजही वेगळे पैसे मागणारा होस्टिंगवाला दिसला, तर वैयक्तिक वेबसाइटवाल्याने पुढचे दार ठोठावावे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली सर्व्हरकेंद्रे सुरू केली आणि डिजिटलओशनही त्याच वर्षी बंगळूरला आले. गिटहब पेजेससारख्या सेवांवर साध्या पानांची वेबसाइट फुकट ठेवता येते. पण फुकटाचा इतिहास विसरू नये. हेरोकूची मोफत जागा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली आणि फुकट डोमेन वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२४ मध्ये तो धंदाच सोडला.

या सगळ्या घटनांपेक्षाही वैयक्तिक वेबसाइट अधिक मरतात त्या साध्या कारणाने, वेळेवर पैसे न भरल्यामुळे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम कडक केले, तेव्हा परदेशी कंपन्यांचे कितीतरी हप्ते परत गेले. सूचनेचा ई-मेल त्याच डोमेनवर असेल, तर डोमेन बंद पडल्यावर सूचनाही पोचत नाही. शिवाय वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्याच खात्यावर घेतलेले असते, तो नोकरीसाठी बाहेरगावी जातो आणि नंबर बदलतो. निवृत्त शिक्षक, कवी, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक यांच्या वेबसाइट अशाच गेल्या आहेत.

तीस वर्षांचा हिशेब मांडला तर कायमची विश्वासू अशी कंपनी सापडत नाही. विश्वासू म्हणावा असा होस्टिंगवाला तोच, ज्याच्याकडून एका दिवसात बिऱ्हाड हलवता येते. तेव्हा डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवा. डोमेनचे खाते स्वतःच्या नावावर आणि वेगळ्या ई-मेलवर असू द्या. दर महिन्याला पूर्ण बॅकअप घरी उतरवा. घरातल्या एकाला तरी पासवर्ड कुठे आहे ते सांगून ठेवा. एवढे केल्यावर मध्यम दराची, तिकिटाला वेळेत उत्तर देणारी आणि दुसऱ्या वर्षाचा दर पहिल्याच पानावर दाखवणारी कोणतीही कंपनी चालेल. कंपनी निवडण्याआधी मात्र आजच एक काम करा: आपले डोमेन नेमके कुणाच्या खात्यावर आहे, ते तपासून घ्या.