अमेरिकेहून आलेला टीव्हीचा डबा

भाचा अमेरिकेहून येताना टीव्हीला जोडायचा रोकू किंवा अ‍ॅपल टीव्हीचा डबा घेऊन येतो, तेव्हा घाईने प्लग खुपसू नका. आधी अ‍ॅडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा, हवं तर भिंग घ्या. तिथे ‘१००-२४०’ असेल तर आपली २३० व्होल्टची वीज चालते. फक्त चपट्या पिनांसाठी जोडपिन लागेल. नुसतं ‘१२०’ असेल तर लावूच नका, जळेल. अ‍ॅपल टीव्हीला तर बाहेरचा अ‍ॅडॅप्टरच नसतो. जुन्या टेपरेकॉर्डरची इंग्रजी आठासारखी वायर त्याला बसते. ती इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

एचडीएमआय जगभर एकच, त्यामुळे चित्राची चिंता नको. खरी गोम डब्याच्या खात्यात असते. खातं ज्या देशाचं, त्या देशाची अ‍ॅप्स. मराठी मालिका बघायच्या असतील तर तुमचं अ‍ॅप त्यावर उतरतं का, हे भाच्याला खरेदीआधीच बघायला सांगा.

आणि पार्सलने मागवू नका. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर २०१९मध्ये बंद झाली. जीवरक्षक औषधं आणि राख्या तेवढ्या सुटल्या. सामानातून आणलेलंच बरं. पावती मात्र जपून ठेवा. वॉरंटी बहुधा तिकडचीच असते.