लाल रंग फिका दिसू लागला तर?

क्षयावरील औषधे सुरू झाली की रुग्णाची लघवी नारिंगी होते. कधी कधी अश्रूही तसेच दिसतात. घरची मंडळी घाबरतात. पण हा रंग रिफॅम्पिसिन या औषधाचा असून तो निरुपद्रवी असतो. याच उपचारांतील एथॅम्ब्युटॉल या औषधाचा डोळ्यांवर होणारा दुष्परिणाम मात्र बाहेरून दिसत नाही. तो प्रथम रुग्णालाच जाणवतो.

असे का होते? आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात. त्यांचे संदेश दृष्टीच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. एथॅम्ब्युटॉलमुळे थोड्या रुग्णांत या मज्जातंतूला इजा होते. मात्रा जास्त असेल, उपचार लांबले असतील किंवा मूत्रपिंडे अधू असतील, तर धोका वाढतो. लाल रंग फिका वाटणे, लाल-हिरव्यातील फरक पुसट होणे, अक्षरे अंधुक दिसणे या त्याच्या खुणा होत. जन्मजात रंगांधळेपणा पहिल्यापासूनच असतो. येथे पूर्वी नीट दिसणारा रंग बदलतो, हे ध्यानात ठेवा.

घरात असा रुग्ण असेल तर त्याला अधूनमधून एकेक डोळा झाकून वर्तमानपत्र वाचायला आणि एखादी लाल वस्तू पाहायला सांगा. फरक जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. औषध वेळीच थांबवल्यास बहुतेकांची दृष्टी हळूहळू सुधारते. उशीर झाल्यास ती कायमची अधू होऊ शकते. मात्र कोणते औषध थांबवायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आपल्या मनाने उपचार सोडल्यास क्षय पुन्हा बळावतो.

एवढ्यावर काम संपत नाही. समजा, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम दहा हजारांत एकाला होतो. ते औषध बाजारात येण्यापूर्वी दोन हजार लोकांवर तपासले, तर असा एकही रुग्ण न आढळण्याचीच शक्यता अधिक! म्हणून पुढे औषध घेणाऱ्या लाखो लोकांकडून येणारी माहिती मोलाची ठरते. ती गोळा करण्यासाठी भारतात २०१० साली औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही दुष्परिणाम कळवू शकतो. औषधाचे नाव, मात्रा, ते सुरू केल्याची तारीख आणि त्रास केव्हा सुरू झाला, एवढे टिपून ठेवावे. पुरावा लागत नाही. संशय पुरेसा असतो.

प्रयोगवहीत आपण निरीक्षण तारखेसह लिहितो ना? तीच सवय येथे कोणाची तरी दृष्टी वाचवू शकते.