एक सौरडाग, दोन ग्रह

छोट्या दुर्बिणीमागे पांढरा कागद धरून सूर्याची प्रतिमा पाडायची आणि तिच्यावरचे डाग पेन्सिलीने उतरवायचे, हा माझा सकाळचा आवडता उद्योग. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हा पहिला नियम. कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखलेलं असतं. प्रतिमा त्यात नेमकी बसेपर्यंत कागद मागेपुढे करायचा. पृथ्वी फिरत असल्याने प्रतिमा सारखी सरकते. ती जिकडे सरकते ती सूर्याची पश्चिम. मग डागाचा काळाभोर गाभा गिरवायचा, भोवतीची करडी उपछाया हलक्या हाताने भरायची आणि तारीख-वेळ टाकायची.

मे २०२४ मधला १३६६४ क्रमांकाचा डागसमूह असाच उतरवला. कागदावर तो २ सेंटिमीटरहून लांब भरला. त्या मापाने पृथ्वी दीड मिलिमीटरचीही नाही. गाभे इतके दाटीवाटीने होते की एकाची कड कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, ते चटकन कळेना. अशाच गर्दीत विरुद्ध ध्रुवांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना भिडतात, त्यांची जोडणी बदलते आणि साठलेली ऊर्जा सौरज्वालेच्या रूपाने बाहेर पडते. कधीकधी त्याबरोबर अब्जावधी टन भारित वायूही फेकला जातो. ज्वालेचा प्रकाश आपल्यापर्यंत साडेआठ मिनिटांच्या आत पोचतो. वायूला बहुधा एक ते तीन दिवस लागतात.

असे लोट एकामागून एक येऊन १० मेच्या रात्री पृथ्वीवर आदळले. ऑक्टोबर २००३ नंतरचं हे पहिलं सर्वोच्च श्रेणीचं भूचुंबकीय वादळ. लडाखमधल्या हानलेचं आकाशही तांबडं झालं. जमिनीवरच्या माणसांना मात्र धक्का लागला नाही. बरेचसे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने वळवले, उरलेल्यांना वातावरणाने अडवलं.

सूर्य फिरला, डागसमूह आपल्या नजरेआड गेला. पण २० मे रोजी त्याच भागातून पुन्हा प्रचंड ज्वाला उसळली. या वेळी समोर मंगळ होता. त्याचं सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र कधीच विझलेलं आणि वातावरण अगदी विरळ. क्युरिऑसिटी गाडीने पृष्ठभागावर ८१०० मायक्रोग्रे किरणोत्सार नोंदवला. शेजारी अंतराळवीर उभा असता, तर त्याला छातीच्या सुमारे ३० एक्स-रेंइतका मारा सोसावा लागला असता.

आता प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याचा एक ग्रह घ्या. तो आपल्या ताऱ्याभोवती ११.२ दिवसांत फिरतो. पृथ्वी-सूर्य अंतराच्या जेमतेम विसाव्या हिश्श्यावरून. तापमानाचा हिशेब केला, तर तिथे पाणी द्रवरूपात राहू शकेल. पण १ मे २०१९ रोजी हा लाल बटू तारा अतिनील प्रकाशात काही सेकंदांत सुमारे १४,००० पट उजळला. असे तडाखे वारंवार बसले, तर ग्रहाचं वातावरण टिकणं कठीण.

म्हणून ‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ ही बातमी वाचाल, तेव्हा तिथे पाणी आहे का, एवढंच विचारू नका. त्याचा तारा किती तापट आहे आणि ग्रहाजवळ बचावाला काय आहे, हेही विचारा. जीवसृष्टीचा निकाल केवळ अंतरावर लागत नाही.