टॅब्लेटला कीबोर्ड कोणता जोडावा?

टॅब्लेट घरांत येतो तो बहुधा वाचण्यापाहण्यासाठीं. वर्तमानपत्र, नातवंडांचीं छायाचित्रें, एखादें व्याख्यान, एवढें काम त्याच्या कांचेवर सुखानें होतें. पुढें केव्हां तरी सोसायटीचें इतिवृत्त तयार करावयाचें असतें, किंवा घरांतील मुलीला मोठा निबंध लिहावयाचा असतो. आणि मग लक्षांत येतें कीं, कांचेवरच्या कळा बोटाला लागत नाहींत. बोट कोठें पडलें हें पाहण्यासाठीं नजर सारखी खालीं न्यावी लागते, आणि अर्धा पडदा त्या कळांनींच अडविलेला असतो. मग दुकान गांठलें जातें आणि कीबोर्ड बसविलेलें एक सुबक कव्हर घरीं येतें. अशीं कित्येक कव्हरें थोड्याच दिवसांत कपाटांत जाऊन पडतात; कारण घेणारानें रंग पाहिलेला असतो, माप पाहिलेलें नसतें.

मापाचा हिशेब अगदीं साधा आहे. हाताला संवय असलेल्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारें १९ मिलिमीटर अंतर असतें. मराठीसाठीं एका ओळींत निदान बारा अक्षरकळा धरल्या तर त्यांतच २२८ मिलिमीटर गेले. टॅब, शिफ्ट, एंटर यांची जागा निराळीच. ११ इंची आयपॅडची लांब बाजू सुमारें २४८ मिलिमीटर भरते, (इंचांचें माप पडद्याच्या कर्णाचें असतें, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.) तेथें ही मांडणी कशीबशी बसते. आयपॅड मिनीची लांब बाजू १९५ मिलिमीटरच्या आसपास. तेथें कळा आंखूड केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां कारखानदार जागा वाचवितो ती बहुधा उजव्या कडेला. इंग्रजी लिहिणाराचें त्यावांचून फारसें अडत नाहीं. चौकोनी कंस त्याला क्वचितच लागतो. मराठी लिहिणाराची गोष्ट वेगळी. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकांत आलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणींत स्वर बहुतेक डावीकडे व व्यंजनें बहुतेक उजवीकडे आहेत. चौकोनी कंसाच्या पहिल्या कळेवर ‘ड’, अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’, अर्धविरामाच्या कळेवर ‘च’, बरोबरच्या चिन्हावर ‘कृ’ मधील ऋकार आणि उलट्या तिरक्या रेघेवर ‘डॉ’ मधील अर्धचंद्र काना. ‘डॉक्टर’ हा शब्द लिहावयास सहा वेळां कळ दाबावी लागते. त्यांतील तीन कळा या उजव्या कडेच्या! ह्या कळा निम्म्या रुंदीच्या असल्या, किंवा दुसऱ्या कळेच्या पोटांत दडविलेल्या असल्या, तर लिहिणारा दर शब्दाला अडखळणार.

दुसरा विचार वजनाचा. पडदा मागें कलला कीं भार मागच्या कडेवर येतो. खालचा कीबोर्ड हलका असेल तर सर्वच मागें कोलमडतें. म्हणून बिजागरीच्या कव्हरांचा तळ मुद्दाम जड ठेवतात. २०२० सालचा १२.९ इंची आयपॅड प्रो ६४१ ग्रॅमचा, आणि त्याचें मॅजिक कीबोर्ड हें आवरण सुमारें ७१० ग्रॅमचें! दोन्ही मिळून त्याच सालच्या १.२९ किलोग्रॅमच्या मॅकबुक एअरहूनहि जड. हलकेपणासाठीं टॅब्लेट घेतलेला असेल, तर ह्या खरेदींत काय साधलें? मागें टेकू असलेलीं कव्हरें हलकीं व स्वस्त असतात. मात्र त्यांना टेबल पाहिजे, मांडीवर तीं डळमळतात.

जोडणीचे मुख्य प्रकार दोन. ब्लूटूथचा कीबोर्ड बिनतारी. त्याची बॅटरी स्वतंत्र आणि ती आठवणीनें भरावी लागते. परंतु टॅब्लेट बदलला तरी तो निरुपयोगी होत नाहीं, आणि मोबाइललाहि चालतो. दुसरा प्रकार धातूच्या टिकल्यांनीं टॅब्लेटला चिकटणारा. त्याला वीज टॅब्लेटचीच मिळते, पण तो ठराविक नमुन्यालाच बसतो. २०२४ च्या आयपॅड प्रोला आधींचें मॅजिक कीबोर्ड चालत नाहीं, हें महागड्या आवरणांच्या बाबतींत ध्यानांत ठेवावें.

अशा कव्हरांत लोहचुंबक असतात. घरांत कोणाच्या छातींत पेसमेकर बसविलेला असेल, तर त्यानें तें उराशीं धरून वाचूं नये. १५ सेंटिमीटरहून अधिक अंतर राखावें, आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावें.

जेथें लिहिणें टेबलापाशींच होतें, तेथें टेकूचें साधें कव्हर आणि पूर्ण आकाराचा सुटा ब्लूटूथ कीबोर्ड ही जोडी बहुधा सर्वांत सोयीची. दुकानांत पैसे मोजण्यापूर्वीं स्वतःचाच टॅब्लेट त्याला जोडावा, भाषा मराठी करावी, आणि ‘कृपया डॉक्टरांना दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाठवा’ एवढें एक वाक्य खालीं न पाहतां लिहून बघावें. कळांवर देवनागरी छापलेली नसली तरी चालेल. ‘ड’ आणि ‘ट’ पहिल्या प्रयत्नांत सांपडतात कीं नाहीं, तेवढें पाहावें.