जुन्या रोगाची नवी गांठ

मूत्रपिंडाचा कर्करोग शस्त्रक्रियेनें काढून टाकला आणि पुढें ५ वर्षें निर्वेध गेलीं, म्हणजे रोगी व त्याचे आप्त निःशंक होतात. परंतु या रोगाचा एक स्वभाव ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्याच्या कांहीं पेशी रक्तावाटें दूरच्या इंद्रियांत जाऊन वर्षानुवर्षें निद्रिस्त राहूं शकतात, आणि १०, क्वचित् २० वर्षांनंतरही स्वादुपिंडांत गांठीच्या रूपानें प्रकट होतात.

पुष्कळदां अशा गांठीचा त्रास कांहींच नसतो. दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या सी. टी. स्कॅनमध्यें ती अवचित दिसते. स्वादुपिंडांत गांठ म्हटली कीं घरांतील माणसांचा धीर सुटतो, कारण त्या इंद्रियाचा मूळचा कर्करोग बहुधा अत्यंत घातक असतो. येथेंच भेद करावयास हवा. मूळच्या गांठीस रक्तपुरवठा बेताचा असतो. मूत्रपिंडाहून आलेली गांठ रक्तवाहिन्यांनीं समृद्ध असल्यामुळें, शिरेंतून औषध सोडून काढलेल्या चित्रांत उजळून दिसते. तशाच दिसणाऱ्या इतरही गांठी असतात. म्हणून अंतिम निर्णय सुईनें घेतलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनें होतो.

हा पसरलेला रोग बहुधा मंदगतीनें वाढतो. तो स्वादुपिंडापुरताच असेल तर शस्त्रक्रियेनें किंवा नव्या औषधांनीं अनेक वर्षांचें आयुष्य लाभूं शकतें.

यास्तव पूर्वीं काढलेल्या मूत्रपिंडाची हकीकत जुनी झाली असें समजूं नये. ती डॉक्टरांस आपण होऊन सांगावी, जुने कागद जपून ठेवावे. त्या एका वाक्यानें निदानच पालटण्याचा संभव असतो.