‘फास्ट’ म्हणजे फक्त वेगवान?

फास्ट लोकल, फास्ट बोलर, फास्ट फूड. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय की त्याचे दुसरे अर्थ लक्षातच येत नाहीत. मग साडीच्या लेबलापासून थुंकीच्या रिपोर्टपर्यंत घोटाळे होतात.

गैरसमज : वेग हाच मूळ अर्थ.
वस्तुस्थिती : जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, पक्कं, न हलणारं. नेटानं, जोर लावून धावण्यावरून वेगाचा अर्थ नंतर आला. विमानात सीटबेल्ट ‘फासन’ करायला सांगतात, ते याच घट्टपणातून.

गैरसमज : उपवासाचा ‘फास्ट’ वेगळाच शब्द आहे.
वस्तुस्थिती : मूळ एकच. नेम घट्ट धरून पाळायचा, म्हणून उपवास ‘फास्ट’. रात्रभराचा उपवास मोडतो तो ‘ब्रेकफास्ट’.

गैरसमज : ‘फास्ट कलर’ म्हणजे कधीच न विटणारा रंग.
वस्तुस्थिती : धाग्याला पक्का बसलेला रंग, एवढाच अर्थ. धुणं, घासणं, घाम आणि ऊन यांच्या चाचण्या वेगवेगळ्या असतात. धुण्याला 1 ते 5, उन्हाला साधारणपणे 1 ते 8 अशी श्रेणी मिळते. पाण्यात न जाणारा रंग उन्हात विटू शकतो. नवी साडी धुण्याआधी पांढरं फडकं ओलं करून पदराच्या आतल्या बाजूला घासून पाहा. डाग उठला, तर ती वेगळी धुवा.

गैरसमज : रिपोर्टवर ‘ॲसिड फास्ट बॅसिलाय’ (एएफबी) म्हणजे आजार झपाट्यानं वाढतोय.
वस्तुस्थिती : इथे वेगाचा संबंधच नाही. थुंकीचा नमुना काचपट्टीवर पसरून लाल रंग देतात, गरम करतात, मग ॲसिडनं धुतात. इतर जंतूंचा रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूचं आवरण मेणचट असतं, त्यामुळे तो रंग सोडत नाही. निळा रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. हा जंतू उलट फार संथ वाढतो. प्रयोगशाळेत तो वाढवायला कित्येक आठवडे लागतात.

गैरसमज : एएफबी निगेटिव्ह म्हणजे क्षय नाहीच.
वस्तुस्थिती : नमुन्यात जंतू कमी असले, तर ते दिसत नाहीत. उलट, पॉझिटिव्ह म्हणजे क्षयच असंही नाही; कुष्ठरोगाचा जंतूही याच गुणाचा. म्हणून निदान डॉक्टरांवरच सोपवा. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बरं वाटलं तरी ती मधेच सोडू नका. कोर्स पूर्ण केला, तर बहुतेक रुग्ण खडखडीत बरे होतात.