पाऊण तासाचं पाणी

"काकू, तुम्ही आणि रेस? कसली, लिंबू-चमच्याची का?"

पुण्याला जायची बॅग भरत होते, तेव्हा शेजारच्या पोराने हसत हसत विचारलं. त्याचा तरी काय दोष? पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवणारी ५२ वर्षांची बाई पोहण्याच्या स्पर्धेला निघालीय, हे माझं मलाच खरं वाटत नव्हतं.

माझं माहेर कृष्णाकाठचं. लहानपणी भावांबरोबर पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. बारा वर्षांची झाले आणि आईने तो डबा माळ्यावर टाकला. म्हणाली, "आता पुरे." भाऊ पोहत राहिले, मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायला लागले. त्यानंतर तब्बल छत्तीस वर्षं पाण्याशी संबंध उरला तो धुण्याभांड्यांपुरता.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मशीनवर वाकून वाकून खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण थोडं पोहायला लागा." आमच्या तालुक्याच्या गावात २५ मीटरचा तलाव आहे. लेडीज बॅच एकच, सकाळी साडेनऊ ते सव्वादहा. डबे भरून झालेले असतात आणि दुकान उघडायचं असतं, त्या मधला पाऊण तास. त्यातली पाच मिनिटं शॉवर घेऊन पाण्यात उतरेपर्यंत जातात, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर निघायची शिट्टी होते. उरतात पस्तीस मिनिटं. तेवढ्यात तीस-पस्तीस बायका. बऱ्याचशा भिंतीची दांडी धरून पाय हलवत उभ्या. कुणी सुनेचं सांगतेय, कुणी सासूचं. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही हं! कितीतरी जणींना दिवसभरात तेवढाच मोकळा श्वास मिळतो.

खांदा सुटला, पण पाणी सुटेना. आमची शिकवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची. एक दिवस म्हणाली, "काकू, मास्टर्सला का उतरत नाही?" मला वाटलं, मास्टर्स म्हणजे एकदम निष्णात लोक. तसं मुळीच नाही. मास्टर्स म्हणजे पंचविशीच्या पुढचा कुणीही. २५ ते २९, ३० ते ३४ असे पाच-पाच वर्षांचे गट असतात, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुमचं जे वय, तो तुमचा गट. म्हणजे मी ५० ते ५४ मध्ये. पोरीसोरींशी टक्कर नाही! उंचावरून सूर मारायची भीती वाटत असेल, तर पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून सुरुवात केली तरी नियमात बसतं. या वयातल्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोला झाली. त्याच जपानमधल्या मिएको नागाओका या आजी गुडघ्याच्या दुखण्यासाठी ऐंशी ओलांडल्यावर पोहायला लागल्या. २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर अंतर पुरं केलं. म्हणजे ६० फेऱ्या. सव्वा तासाच्या थोडा वर वेळ लागला. हे ऐकलं आणि मनात म्हटलं, अगं बाई, मग मी तर अजून लहान आहे!

एप्रिलमध्ये ठरवलं. स्पर्धा ऑक्टोबरात, पुण्याला. शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे आपलं बेडकासारखं पोहणं, आणि ५० मीटर फ्रीस्टाइल. प्रश्न एकच, वेळेचा. शहरातली मंडळी पहाटे दीड-दीड तास पोहतात, असं ऐकून होते. माझ्याकडे पस्तीस मिनिटं, तीही गर्दीतली.

पण मैत्रिणींनो, कापड कमी असलं की आपण काय करतो? आधी नीट बेततो, मग कात्री लावतो. ऐंशी सेंटिमीटरात ब्लाऊज बसवणाऱ्या बाईला वेळ बेतणं का जड जावं? मी वहीत आठवडा बेतला. एका दिवशी एकच काम. सोमवारी आणि गुरुवारी नुसती मोजणी. तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती हात मारावे लागतात? सुरुवातीला ब्रेस्टस्ट्रोकचे बावीस लागायचे. "काकू, घाई नको. हात मारला की शरीर लांब करा आणि सरका," असं ती पोरगी सारखी सांगायची. चार महिन्यांत बावीसचे सतरा झाले. म्हणजे तेवढ्याच ताकदीत जास्त अंतर. मंगळवारी आणि शुक्रवारी वेग. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघून आठ वेळा २५ मीटर जोरात, मध्ये तीस सेकंद दम खायचा. बुधवारी न थांबता पंधरा मिनिटं. शनिवारी शिट्टी झाली आणि बायका बाहेर पडायला लागल्या, की शेवटच्या पाच मिनिटांत सूर मारायचा सराव.

हातपाय मोकळे करण्यात पाण्यातली मिनिटं घालवायची नाहीत, हेही ठरवून टाकलं. नऊ वीसलाच जाऊन चपलांच्या मांडणीजवळ मी हात फिरवायला लागायचे. बायका हसायच्या. महिन्याभराने त्यातल्याच तिघी माझ्या शेजारी हात फिरवायला लागल्या. संध्याकाळी खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधायची आणि कमरेत वाकून पाण्यात ओढतो तशी ओढायची. पंधरा-पंधराचे तीन फेरे. मोजायचं काम सासूबाईंकडे. जपाची माळ ओढता ओढता त्या मध्येच म्हणायच्या, "हं, पंधरा झाले. आता दुसरा घे." या वयात हे कशाला, असं आधी त्यांनीच विचारलं होतं!

मे महिन्यात सुट्टीची शिबिरं आली आणि आमची बॅच अर्ध्या तासावर आणली गेली. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्हीही कुणाला विचारलं नाही. नेहमीप्रमाणे 'चालवून घेतलं'.

चालवून घेण्याची आणखी एक गोष्ट होती, ती पुढे महागात पडली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला टेकताना दोन्ही हात एकाच वेळी टेकावे लागतात, वळतानाही आणि शेवटीही. नियम मला पाठ होता. पण आमच्या भिंतीला जागा असेल तर ना! दांडी धरलेल्या दोघींच्या मधली फट शोधायची, एका हाताची बोटं टेकवायची आणि वळायचं. सहा महिने रोज हेच केलं.

पुण्याचा तलाव पाहिला आणि पोटात गोळा आला. ५० मीटर लांब. समोरची भिंत दिसता दिसेना. शिट्टी झाली, मी सूर मारला, आणि काय सांगू, ते मोकळं पाणी! कुणाचा पाय लागत नाही, कुणाला चुकवायचं नाही. पहिले ५० मीटर मजेत गेले. भिंत आली. मी टेकले, वळले, जीव खाऊन परत आले. घड्याळात दोन मिनिटं एकवीस सेकंद. एप्रिलमध्ये हीच वेळ दोन पन्नास होती. आनंदाने वर पाहिलं, तर पंचबाई जवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, वळताना एकच हात लागला. तुम्ही बाद आहात."

एकच हात. समोर अख्खी भिंत रिकामी होती, आणि मी माझ्या सवयीने फट शोधली होती.

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. रडू हरण्याचं नव्हतंच. पस्तीस-पस्तीस मिनिटं जोडून, घरच्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या वेळा सांभाळून जे शिवलं, ते एका टाक्याने उसवलं होतं. शेजारी केस पुसत सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. कारण विचारलं आणि म्हणाल्या, "अहो, मी तर पहिल्या स्पर्धेत शिट्टीच्या आधीच उडी मारली होती. उद्याची शर्यत आहे ना? मग डोळे धुऊन घ्या आणि जेवा."

दुसऱ्या दिवशी फ्रीस्टाइलमध्ये तिसरी आले. गटात आम्ही चौघीच होतो. घरी फोनवर सांगताना 'चौघींत' हा शब्द जरा हळू उच्चारला!

मग गंमत झाली. आमच्या जिल्ह्याच्या बायकांना रिलेसाठी चौथी हवी होती. मास्टर्सच्या रिलेत गट ठरतो तो चौघींच्या वयाच्या बेरजेवर. आमची वयं ४४, ४७, ५२ आणि ५८. बेरीज २०१. दोनशेच्या वर गेलो म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या. वय जास्त भरलं म्हणून बायका टाळ्या वाजवताहेत, असं दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आम्ही पाच संघांत चौथ्या आलो, पण ती बेरीज काही विसरत नाही.

गावी परत आल्यावर बॅचला पेढे दिले आणि बाद कशी झाले तेही सांगितलं. दांडीवाल्या बायका एकदम गप्प झाल्या. बँकेतल्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आमच्यामुळे गं?" मी म्हटलं, "नाही हो. सहा महिन्यांत मी एकदा तरी 'जरा सरका' म्हणाले का?"

खरंच, म्हणाले नव्हते. वेळ कमी होता हे खरं. पण मिळालेल्या वेळात दोन हातांची जागा मागायची, हे मला सुचलंच नव्हतं. बारा वर्षांची असताना 'आता पुरे' ऐकून घेतलं, तसंच हेही.

मग आम्ही अर्ज लिहिला. सत्तावीस जणींच्या सह्या झाल्या. मागणी दोनच गोष्टींची. शेवटची पंधरा मिनिटं एका कडेला दोरी बांधून पट्टा वेगळा ठेवा, त्याच्या दोन्ही टोकांच्या भिंती मोकळ्या ठेवा, आणि मे महिन्यात आमची बॅच कापू नका. दोरी आठवड्याभरात मिळाली. मे महिन्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही दर पंधरवड्याला विचारून येतो.

तुमच्या गावातही असा तलाव असेल, आणि असाच पाऊण तास. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. मग वहीत आठवडा बेता. वेळ एकदम वाढणार नाही, पण त्यातलं प्रत्येक मिनिट कशासाठी आहे हे आधी ठरलेलं असलं, की तो पुरवठ्याला येतो. आणि पहिल्याच दिवशी भिंतीपाशी जाऊन मोठ्याने म्हणा, "जरा सरका हं!" बायका सरकतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

पुढच्या स्पर्धेला दांडीवाल्यांपैकी दोघी येताहेत. अंगणवाडीच्या ताई तयार झाल्या तर आमचा स्वतःचा रिले संघ होईल. एरवी वय विचारलं की विषय बदलणाऱ्या बायका हल्ली तलावाच्या काठावर बसून बोटांवर बेरीज करत असतात.